बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या मित्राला लिहिलेले पत्र आणि आपले न बोललेले दुःख



गेल्या महिन्यात एका विहारात वंदना झाल्यावर तरुणांच्या ताणतणावावर चर्चा ठेवली होती. कॉलेजात शिकणारा एक मुलगा उठला. त्याची ओळख पटेल असे काही इथे लिहीत नाही. हॉस्टेलमध्ये त्याच्याशी जे झाले ते त्याने चार वाक्यांत सांगितले आणि विचारले, "ताई, मी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ का? म्हणजे आपल्यातल्या माणसानं जावं का?"

मी बोलण्याआधीच एक ज्येष्ठ कार्यकर्ते बोलले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, आम्हा सगळ्यांना काकांच्या ठिकाणी असलेले. म्हणाले, "अरे, बाबासाहेबांनी केवढं सोसलं. ते गेले होते का कुणापुढं रडायला? आपण लढणारी माणसं. डोक्याचा डॉक्टर कशाला पायजे?"

दोघातिघांनी माना हलवल्या. मुलगा खाली बसला आणि मग शेवटपर्यंत बोलला नाही.

काकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी जो दाखला दिला तो इतिहासाला धरून नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या कोल्हापूरशीच जोडलेला आहे. म्हणून हा लेख.

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. दत्तोबा म्हणजे शाहू महाराजांच्या विश्वासातले कार्यकर्ते. महाराज आणि बाबासाहेब यांना जवळ आणण्यात त्यांचा वाटा होता. धनंजय कीरांच्या चरित्रात या पत्राचा उतारा आहे आणि आपल्या घराघरांत ते चरित्र आहे. पण भाषणात हा उतारा मी कधी ऐकला नाही. पत्रात बाबासाहेब सांगतात की मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आपण आणि पत्नी सावरलो आहोत असे सोंग आणण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असेही वाटत नाही. आतापर्यंत चार लेकरे मातीआड केली, तीन मुलगे आणि एक मुलगी. हा शेवटचा मुलगा गेल्यावर आयुष्य तण माजलेल्या बागेसारखे झाले आहे, अशा अर्थाचे ते लिहितात.

हे पत्र लिहिणारा माणूस तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. बॅरिस्टर होता, बहिष्कृत हितकारिणी सभा चालवत होता. त्यानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, तोच माणूस महाडच्या चवदार तळ्यावर उतरला. महाडचा फोटो आपण भिंतीवर लावतो. त्या फोटोतल्या माणसाने वर्षभराच्या आत एका मित्राला 'मी सावरलेलो नाही' असे लेखी कळवले होते, हे मात्र मुलांना सांगत नाही. पुतळ्यात हे बसत नाही, एवढेच कारण.

२७ मे १९३५ ला रमाई गेल्या. बाबासाहेब खोलीत कोंडून घेऊन दिवसचे दिवस रडत होते, हेही कीरांनी नोंदवले आहे. येवल्याची घोषणा त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला झाली. आणि त्याच सुमारास, १९३५-३६ च्या आसपास, त्यांनी इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापल्या. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावे म्हणून त्या लिहिलेल्या आहेत. मी समाजकार्यात आले तेव्हा त्या पुन्हा वाचल्या आणि मला दिसले की आघाताची इतकी नेमकी नोंद मानसशास्त्राच्या पुस्तकातही सहज सापडत नाही.

पहिली आठवण १९०१ ची. साताऱ्याहून नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे नव्या कपड्यांत, आनंदात, वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पत्र पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. डब्यात जेवण भरपूर होते, पण प्यायला पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी झोपली. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना कराड मागे पडले की थोड्या वेळाने मसूर येते. आपण किती वेळा तिथून गेलो असू.

दुसरी आठवण १९१७ ची, बडोद्याची. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. बाहेर काढल्यावर ते जाऊन एका बागेत बसले. हा प्रसंग लिहिताना ते स्वतःच सांगतात की अठरा वर्षे झाली तरी ते दृश्य पुसट झालेले नाही, आणि डोळ्यांत पाणी आल्याशिवाय ते आठवता येत नाही.

आता बघा. जुना प्रसंग नुकताच घडल्यासारखा डोळ्यांपुढे उभा राहणे, वर्षे उलटूनही शरीराने त्याला तसाच प्रतिसाद देणे, याला आजचे मानसोपचारतज्ज्ञ आघाताची खूण म्हणतात. मी बाबासाहेबांना कुठल्या आजाराचे नाव देत नाही, तसे करायचा मला अधिकार नाही. बाबासाहेब समुपदेशकाकडे गेले होते असेही माझे म्हणणे नाही. तेव्हा या देशात तशी सोय कुणाला होती? माझे म्हणणे एवढेच आहे की 'लढणारा माणूस दुःख सांगत नसतो' ही परंपरा बाबासाहेबांची नाही. त्यांनी दुःख मित्राला सांगितले आणि कागदावर लिहिलेही. सोंग आणायचे त्यांनी नाकारले. गप्प बसून सोसण्याची परंपरा दुसरीकडून आली आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाने कण्हू नये ही गावाची शिकवण होती.

आपल्या साहित्याने ती शिकवण मोडली. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'ची मांडणी आठवा. शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावातून आलेला दगडू मारुती पवार, दोघे एकच. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. थेरपीच्या खोलीत वेगळे काय घडते? तिथेही आजचा माणूस कालच्या पोराला समोर बसवतो आणि त्याला बोलू देतो. फरक इतकाच की ऐकणारा तिसरा, प्रशिक्षण घेतलेला माणूस हजर असतो. 'बलुतं' आल्यावर आपल्यातल्याच काहींनी नाके मुरडली, घरातली घाण चव्हाट्यावर कशाला म्हणून. आज तेच वाक्य 'डॉक्टरला कशाला सांगायचं' असे होऊन परत आले आहे.

बायकांचे तर आणखी अवघड. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले. दुकानात बसून लिहायचे आणि वह्या दडवून ठेवायच्या, असे किती वर्षे चालले. महारवाड्यातला अन्याय ज्या हिमतीने त्यांनी मांडला, त्याच हिमतीने घरातला मारही सांगितला. चळवळीतल्या बाईला दोन आघात असतात, एक गावाने दिलेला आणि एक घराने दिलेला. पहिल्यासाठी मोर्चा निघतो. दुसरा सांगितला तर 'समाजाची बदनामी' होते. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या दोन भेटींत सासर, पाणी, रेशन एवढेच बोलतात. खरे तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघते, तेही उठून जाताना, दारात उभे राहून.

काकांच्या बोलण्यात एक आक्षेप दडलेला होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आक्षेप असा: आपले दुःख सामाजिक आहे. हॉस्टेलमध्ये जातीवरून छळ होतो, नोकरीत अपमान होतो, गावात बहिष्कार पडतो. रोग समाजाला आणि औषध आम्हाला, हे कसले? थेरपी माणसाला जुळवून घ्यायला शिकवणार, मग लढणार कोण?

समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा आक्षेप पटेल, मलाही अर्धा पटतो. फ्रान्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ १९५३ पासून अल्जेरियात ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात काम करत होता. १९५६ मध्ये त्याने राजीनामा दिला. ज्या देशात मूळच्या माणसालाच परका करून टाकले आहे तिथे त्याचे मन ताळ्यावर आणायचे म्हणजे काय करायचे, असा त्याचा सवाल होता. आपल्या दीक्षेचेच ते वर्ष. राजीनामा देऊन तो स्वातंत्र्यलढ्यात गेला. पण पुढचा भाग आपले वक्ते सांगत नाहीत: ट्युनिसला गेल्यावरही फॅननने रुग्ण तपासणे सोडले नाही. १९६१ च्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात युद्धाने मोडलेल्या माणसांच्या हकिकती आहेत. त्यात छळ झालेले आहेत आणि छळ करणारे पोलीसही आहेत. व्यवस्था उलथायची आणि आज रात्री झोप न येणाऱ्या माणसाजवळही बसायचे, ही दोन्ही कामे त्याने केली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्ण नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. त्यांनी महाराजांना गाऱ्हाणे सांगितले. महाराजांनी 'विसरून जा' म्हटले नाही. ऐकून घेतले, मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः तिथे थांबून, चारचौघांत, त्यांच्या हातचा चहा घेतला. ही गोष्ट आपण समतेची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण मार खाल्लेल्या एका माणसाच्या बाजूने ती वाचा. त्याचे म्हणणे खरे मानले गेले, दोष त्याचा नव्हता हे उघडपणे ठरले, पोटाची सोय झाली आणि ज्या हाताच्या स्पर्शावरून मार बसला त्याच हाताचा चहा राजाने घेतला. जखम भरायला हे सगळे लागते. नुसती थेरपी पुरणार नाही हे मला मान्य आहे, पण नुसता मोर्चाही पुरत नाही.

खैरलांजीच्या वेळी, २००६ मध्ये, मी ज्युनिअर कॉलेजात होते. माझा पहिला मोर्चा तोच. भैयालाल भोतमांगे यांची बायको, मुलगी आणि दोन मुले मारली गेली. आम्ही घसा फुटेपर्यंत घोषणा दिल्या. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल वारले, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आले की मधली दहा वर्षे हा माणूस रात्री काय करत असेल? दहा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ही माझी चूक मी मान्य करते. रमाबाई नगरच्या गोळीबारात ११ जुलै १९९७ ला दहा माणसे मेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. लोकांचे दुःख गाणाऱ्याचे दुःख ऐकायला कोण होते? रोहित वेमुला आणि पायल तडवी ही नावे आपण घोषणांत घेतो. पण आज वसतिगृहात जिवंत असलेल्या मुलाने 'मला जगावंसं वाटत नाही' म्हटले तर काय करायचे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात पीडित व्यक्तीची व्याख्या आली. शारीरिक आणि आर्थिक हानीबरोबर मानसिक आणि भावनिक हानी सोसलेली व्यक्तीही पीडित आहे, आणि तिचे नातेवाईकही त्यात येतात. म्हणजे मनाची जखम ही कायद्याने मानलेली हानी आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत मात्र जबाब घेताना अंगावरचे वळ मोजले जातात, झोप किती दिवस नाही हे कोणी विचारत नाही. पोलीस विचारत नाहीत ते एक वेळ समजते. आपले कार्यकर्तेही विचारत नाहीत. एफआयआर, आरोपपत्र, अर्थसाहाय्याचा हप्ता, यातच फाईल फिरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्येही उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालची व्यक्ती मानले आहे.

हक्क कागदावर आहे आणि खोलीत काय होते ते वेगळे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका समुपदेशक बाईंकडे गेले होते. शाळेतला एक प्रसंग सांगत होते. बाई मध्येच म्हणाल्या, "पण आता कुठे राहिलंय हो असं? तुम्ही जात मनातून काढून टाका, हलकं वाटेल." मी फी दिली आणि बाहेर आले. पुन्हा कुणाकडे जायला मला वर्ष लागले. 'जात मनातून काढा' हे ज्याच्यावर जात लादली त्यालाच सांगायचे! जात ही मनाची अवस्था आहे असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले, पण ते उच्चवर्णीय सुधारकांना उद्देशून, तुमचे मन बदला म्हणून. दुसऱ्या ज्या समुपदेशक भेटल्या त्याही सवर्णच होत्या. पण त्या म्हणाल्या, "यातलं मला सगळं कळेल असं नाही. चुकले तर थांबवा." तिथे मी बोलले. म्हणून आता मुलांना सांगते की पहिल्या भेटीत आपणही तपासायचे. जातीचा प्रसंग सांगितल्यावर समोरचा माणूस वाद घालतो की ऐकतो? वाद घातला तर उठा, पण थेरपी वाईट म्हणून उठू नका, ती व्यक्ती बरोबर नाही म्हणून उठा. मास्तर वाईट निघाला म्हणून आपण शाळा सोडली नाही.

धम्माचे नाव घेऊनही लोक अडवतात. 'विपश्यना कर, सगळं जाईल.' विपश्यनेने अनेकांना आधार दिला आहे, माझ्या आईलाही. पण दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेले असते, ते उगीच नाही. ताजी जखम घेऊन दहा दिवस मौनात बसणे सगळ्यांना झेपत नाही. थेरीगाथेतल्या पटाचारेची कथा आठवा. नवरा, दोन लेकरे, आईबाप सगळे गमावून ती भान हरपून उघडी फिरत होती, लोक तिला हुसकावत होते. बुद्धांनी तिला आधी जवळ येऊ दिले, 'भगिनी, भानावर ये' म्हटले. कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. धम्म त्यानंतर सांगितला. आणि 'मागच्या जन्मीचे भोग' हे उत्तर तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मुळातूनच खोडले आहे. आपल्या वस्त्यांत अजून अंगारे-धुपारे चालतात आणि डॉक्टरची लाज वाटते, हे उलटे आहे.

त्या दिवशी चर्चा संपल्यावर चपला घालताना काकू माझ्याजवळ आल्या. काकांकडे बघत हळूच म्हणाल्या, "हे अजून रात्री दचकून उठत्यात. लाठीचार्ज, लाठीचार्ज करत्यात. कुणाला सांगू नको म्हणत्यात." चाळीस-पंचेचाळीस वर्षे होत आली त्या लाठ्यांना.

कोल्हापुरात सोय अगदीच नाही असे नाही. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे गर्दी असते, डॉक्टरला वेळ कमी असतो, पण सुरुवात तिथून होऊ शकते. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. खासगी थेरपीची फी आपल्या बहुतेकांना परवडत नाही, आणि यावर चळवळीने बोलायला हवे. जयंतीच्या वर्गणीतून डॉल्बीला पैसे निघतात, मग दोन मुलांच्या वर्षभराच्या समुपदेशनाला का निघू नयेत? अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात आपण वकील उभा करतो, तसा समुपदेशकही उभा करायला हवा. एमएसडब्ल्यू आणि मानसशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली आता गावोगावी आहेत. कोणी त्यांना बोलावत नाही. आमच्या भागात तीन विहारांशी मी बोलले आहे. एकाने रविवारी दुपारी खोली देऊ केली. दुसऱ्याने विचार करून सांगतो म्हटले. तिसऱ्याने विचारले, "लोक काय म्हणतील?"

त्या मुलाचा दोन दिवसांनी फोन आला. दत्तोबा पवारांच्या पत्राबद्दल मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे कुठं वाचायला मिळंल?" पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे सीपीआरला जाणार आहोत. आईला त्याने अजून सांगितलेले नाही.